नावाचा माग कसा काढावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या माळ्यावर आजीचा पितळी हंडा आहे. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय. गावात आजीला सगळे भागू म्हणत, रेशन कार्डावर ती भागूबाई होती आणि भागू म्हणजे भाग्य, अशी आम्हा नातवंडांची पक्की समजूत होती. एका दिवाळीला हंडा चिंच लावून घासायला काढला, तेव्हा काळपट थराखालून अक्षरं वर आली: भागीरथी. म्हणजे आजी गंगेच्या नावाची होती! लग्नात माहेरहून आलेल्या त्या हंड्याखेरीज तिचं पूर्ण नाव आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी नावांच्या मागे लागले. ओळखीत कुणाकडे बारसं ठरलं की फोन येतो, "अगं, या नावाचा अर्थ खरंच असा आहे का, बघून सांग ना." असे फोन घेता घेता जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते आहे. बाळाचं नाव ठरवायचं असो, घराण्याची वंशावळ लिहायची असो, की नुसतं कुतूहल असो, पायऱ्या त्याच.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. "या नावाचा अर्थ काय?" या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. शब्दाचा अर्थ काय, तो शब्द कुठल्या भाषेतून कसा आला, आणि या माणसाला तो का दिला. तिन्हींची उत्तरं निरनिराळी निघू शकतात. शहाजीराजांचं नाव घ्या. शाह हा फारसी शब्द, अर्थ राजा. पण परंपरा सांगते की नगरच्या शाह शरीफ या अवलियाला केलेल्या नवसाने मालोजीराजांना मुलगे झाले, म्हणून एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं. कोश उघडलात तर तो ‘राजा’ एवढंच सांगेल. आईवडिलांच्या मनात मात्र दर्ग्यातला तो अवलिया होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

पहिली पायरी: नावाची सगळी रूपं गोळा करा

नुसत्या हाकेच्या नावावरून अर्थ काढायला बसू नका. शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, सातबारा, जुनी पत्रं, पोथीच्या पहिल्या पानावरची सही, भांड्यांवर घातलेली नावं, हे सगळं बघा. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव आणि सासरचं नाव अशा दोन नोंदी करा, कारण लग्नात नाव बदलायची रीत आपल्याकडे सर्रास होती आणि माहेरचं नाव पुष्कळदा एका पिढीतच पुसलं जातं.

नाव मूळ लिपीत कसं लिहितात आणि घरात कसं उच्चारतात, तेही विचारा. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत आलेल्या नावात ऱ्हस्व-दीर्घ हरवतं आणि तेवढ्याने भाषासुद्धा बदलते. ईशा म्हणजे संस्कृतातल्या ईश शब्दाचं स्त्रीरूप. इशा म्हणजे अरबीत रात्रीच्या नमाजाची वेळ. इंग्रजीत दोन्ही एकसारखीच लिहिली जातात.

दुसरी पायरी: घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा

कोशाच्या आधी माणसं. कारण कोश कुठे जात नाही, माणसं जातात. "हे नाव कुणी सुचवलं? त्या आधी घरात काय घडलं होतं? कुठल्या देवाला बोललो होतो का? पणजोबांचं नाव काय होतं?" एवढे चार प्रश्न पुरतात.

आपल्याकडच्या काही नावांचा उलगडा तर घरच्यांशिवाय होतच नाही. दगडू, धोंडू, केरू, भिकाजी ही नावं घ्या. शब्दाचा अर्थ दगड, केर, भीक. पण ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे मृत्यूची नजर या बाळावर पडू नये म्हणून मुद्दाम टाकाऊ वस्तूचं नाव ठेवत. ‘याची इथे कुणाला किंमत नाही’ असं काळाला सांगून त्याला फसवायचं. मुलग्याचं नाक टोचून नथ घालायचे, तोही त्यातलाच प्रकार. त्यावरून नथू. दगडू या नावाइतकी माया मला क्वचितच कुठल्या नावात दिसते. धोंडूला दुसरीही वाट आहे. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचं नाव धोंडू किंवा धोंडो ठेवत. तुमच्या घरातला धोंडू नवसाचा की महिन्याचा, हे कोश सांगणार नाही. जन्मतारीख मिळाली तर जुन्या पंचांगाशी ताडून बघता येतं.

नकुशी या नावात मात्र अशी माया नाही. मुलीवर मुलगी झाली म्हणून ‘नको’ असलेली ती नकुशी. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. वंशावळ लिहिताना असं नाव आलं तर ते गाळू नका आणि त्याला गोड अर्थही चिकटवू नका. त्या बाईने आयुष्यभर ते नाव वागवलं आहे. नोंद खरी असू द्या.

तिसरी पायरी: नावाची भाषा ओळखा

इथे थोडं थांबूया, कारण खरी गंमत इथे आहे आणि चुकाही सगळ्यात जास्त इथेच होतात.

संस्कृत नावांसाठी पहिली युक्ती म्हणजे पहिल्या स्वराकडे बघणं. ‘अमक्याचा मुलगा’, ‘अमक्याची मुलगी’, ‘अमक्या ठिकाणची’ असं सांगायचं असेल तर संस्कृतात पहिला स्वर फुगतो. अ चा आ होतो, इ चा ऐ, उ चा औ, ऋ चा आर्. जनकाची जानकी, विदेहाची वैदेही, मिथिलेची मैथिली, द्रुपदाची द्रौपदी, सुमित्रेचा सौमित्र, पृथेचा पार्थ. एकदा हे कळलं की राघव म्हणजे ‘बुद्धिमान’ वगैरे वाचून तुम्ही फसणार नाही. राघव म्हणजे रघूच्या कुळातला, बस्स. मग पुढचा प्रश्न रघु म्हणजे काय. तर रघु म्हणजे वेगवान, चपळ. आपल्या ‘लघु’ या शब्दाचंच ते भावंड.

आजीचं नाव याच साच्यातलं. भगीरथाने आणली म्हणून भागीरथी. जह्नु ऋषींनी गंगा पिऊन टाकली आणि पुन्हा सोडली, म्हणून ती त्यांची मुलगी जाह्नवी. आजी भागीरथी आणि आता तिची पणती जाह्नवी. आमच्या घरात एकच नदी दोन नावांनी वाहते आहे, आणि पणतीचं नाव ठेवणाऱ्यांना हे ठाऊकही नव्हतं.

दुसरी युक्ती शेवटच्या अक्षराची. ‘ज’ म्हणजे जन्मलेला, ‘द’ म्हणजे देणारा. पाण्याला नीर, जल, अंबु असे शब्द आहेत. पाण्यात जन्मतं ते कमळ: नीरज, जलज, अंबुज. पाणी देतो तो ढग: नीरद, जलद, अंबुद. एका अक्षराने कमळाचा ढग होतो. नीरजची आणखी एक फोड आहे, निर् आणि रज, म्हणजे धूळ नसलेला. कोशात दोन्ही अर्थ दिलेले आहेत. आईवडिलांनी कुठला धरला ते त्यांनाच विचारायचं.

प्राकृतातून झिजत आलेली नावं ओळखायला कानाला थोडा सराव लागतो. कृष्णाचा कण्ह झाला, कण्हाचा कान्हा, आणि त्यातून कान्होजी. रुक्मिणीची रखुमाई झाली आणि रखुमाईची रखमा. रुक्म म्हणजे सोनं. गावाकडच्या एखाद्या रखमाबाईंना कधी सांगून बघा की तुमच्या नावाचा अर्थ सोन्याने मढलेली असा आहे. मी सांगितलं होतं तेव्हा त्या बाई काही न बोलता हातातल्या काचेच्या बांगड्यांकडे बघत राहिल्या होत्या.

अरबी नावांचा पाया बहुधा तीन व्यंजनं. ती हाताला लागली की कुटुंबच्या कुटुंब सापडतं. ह-म-द म्हणजे स्तुती: अहमद, महमूद, हमीद, मुहम्मद. स-ल-म म्हणजे सुखरूपपणा, शांती: सलीम, सलमा, सलाम. हुसेन हे हसनचं लाडकं, छोटं रूप. आणि हे शब्द फक्त मुसलमान घरांत आहेत असं समजू नका. दौलतराव, फत्तेसिंह, हैबतराव या अस्सल मराठी वाटणाऱ्या नावांत दौलत, फत्ते, हैबत हे तिन्ही शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले.

गुलाबराव तर अगदी उलगडून बघण्यासारखं नाव आहे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. तेव्हा तिकडे गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येताना शब्द पाण्यावरून फुलावर सरकला आणि पुढे ‘राव’ लागून माणसाचं नाव झाला. तो आब पंजाबातही आहे, पाच पाण्यांचा प्रदेश. आणि संस्कृतात पाण्याला आप म्हणतात, ते या आबचं सख्खं भावंड.

हिब्रू नावांत शेवटी ‘एल’ ऐकू आलं की तिथे देव आहे असं समजा: दानिएल, सॅम्युएल, मिखाएल. जुन्या जर्मन वळणाच्या नावांत दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेले असतात. रॉबर्ट म्हणजे कीर्ती आणि तेज, विल्यम म्हणजे इच्छा आणि शिरस्त्राण. त्या दोघांचं ओढूनताणून एक वाक्य करायच्या फंदात पडू नका. ठेवणाऱ्यांनीही बऱ्याचदा केलं नव्हतं, आईच्या नावातला एक तुकडा आणि बापाच्या नावातला एक असंही चालायचं.

चौथी पायरी: कोश उघडा, आणि खुणा वाचायला शिका

मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे दोन आधी बघा. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात एखादं इंग्रजी अक्षर दिसेल. एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्तानी. नवखे लोक हे अक्षर सोडून पुढे वाचतात, आणि त्यांना हवं असलेलं उत्तर नेमकं तिथेच असतं.

संस्कृतासाठी आपटे आणि मोनियर विल्यम्स. मोनियर विल्यम्समध्ये अर्थापुढे ‘एल’ हे अक्षर असेल तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी नोंदवलेला आहे, ग्रंथांत वापरलेला आढळलेला नाही. असा अर्थ खोटा नसतो, पण त्यावर फार भार टाकू नये.

कोश बघणं का टाळू नये त्याचं एक उदाहरण. अनय हे नाव ऐकायला किती मऊ आहे. पण नय म्हणजे नीती, आणि अनय म्हणजे अनीती, दुर्वर्तन. उलट विहान हे नाव नव्या फॅशनचं आणि पोकळ वाटतं म्हणून एका आजोबांनी बारशात नाक मुरडलं होतं. ते नाव मात्र खरं निघालं. विहान म्हणजे पहाट, आणि भोजपुरी-बंगालीत सकाळीला अजून बिहान म्हणतात. आजोबांना दुसऱ्या दिवशी कोशातल्या पानाचा फोटो पाठवला.

शब्द कोशात मिळाला तरी थोडं पुढे जावं. मिहिर म्हणजे सूर्य, संस्कृत कोशात आहे, वराहमिहिराच्या नावातही आहे. पण हा शब्द इराणातून आला. वेदांतला मित्र हा देव, इराणी शाखेत तोच मिथ्र, पुढे झिजून मिहर, आणि ते रूप परत इकडे येऊन मिहिर झालं. एकाच पूर्वजाची दोन नातवंडं, मित्र आणि मिहिर, आज एका वर्गात शेजारी बसतात.

पाचवी पायरी: सारखा आवाज म्हणजे सारखं नाव नव्हे

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण किआरा. इटालियनमध्ये किआरा म्हणजे उजळ, स्वच्छ, लॅटिन क्लारा या शब्दावरून. आयर्लंडमध्ये जवळपास तीच अक्षरं असलेल्या कीरा नावाचं मूळ ‘कीअर’, अर्थ काळा, सावळा. इंटरनेटवरच्या याद्या दोन्ही अर्थ एका ओळीत टाकून मोकळ्या होतात. आपल्या किरण या नावाचंही तसंच. आपल्याकडे तो उजेडाचा किरण, आयर्लंडमध्ये त्याच आवाजाचं कीरन म्हणजे छोटा सावळा.

सोनिया ऐकलं की आपल्याला सोनं आठवतं. ते रशियन सोफियाचं लाडकं रूप आहे, ग्रीक सोफिया म्हणजे शहाणपण. नताशा हे नतालियाचं, आणि त्यात लॅटिनमधला जन्मदिवस आहे, नाताळातला तोच. मायरा तर फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने कवितेसाठी घडवलेलं नाव मानतात. अशा नावाला ‘प्रिय’, ‘गोड’ असे तयार अर्थ देण्यापेक्षा एका कवीने ते घडवलं हीच हकिकत मला जास्त सुंदर वाटते.

नव्याने घडवलेल्या मराठी नावांना नाकारू नका, फक्त तुकडे तपासा. अद्विक: द्विक म्हणजे जोडी, अ लावला की जोड नसलेला. बांधणी व्यवस्थित बसते. रेयांश म्हणजे सूर्यकिरणाचा अंश असं सांगतात, पण संस्कृतात किरणाला रश्मि, मयूख, मरीचि, अंशु असे भरपूर शब्द आहेत, ‘रे’ नाही. तो ‘रे’ इंग्रजी आहे. आवडलं तर जरूर ठेवा, पण नोंदवहीत इंग्रजी आणि संस्कृत अशा दोन्ही भाषा लिहा.

सहावी पायरी: नावाचा प्रवास काढा

हिब्रूत योहानान म्हणजे देवाने कृपा केली. ग्रीकमधून लॅटिनमध्ये ते योहान्नेस झालं. मग जर्मनांचा हान्स, फ्रेंचांचा जाँ, स्पॅनिश हुआन, रशियन इव्हान, आयरिश शॉन, इंग्रज जॉन आणि पोर्तुगीज जुआंव. तो जुआंव गोव्यात उतरला, आणि दरवर्षी २४ जूनला पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या मारून ज्याचा सण करतात तो सांजांव म्हणजे हाच संत जॉन. त्या हिब्रू नावातला ‘कृपा’ हा धातू हन्ना या नावातही आहे. हन्नाची आना झाली, आणि आनाचं स्पॅनिश लाडकं रूप अनिता. विहिरीत उडी मारणारा जुआंव आणि स्पेनमधली अनिता एकाच मुळाचे.

आपल्या कोकणातला प्रवास तर याहून जवळचा. रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी हिब्रू नावांना मराठी वळण दिलं. आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. मुंबईतलं मांडवीचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांना मराठीत समाजी हसाजी दिवेकर म्हणत. फक्त ‘समाजी’ हातात आलं असतं तर त्यात सॅम्युएल आहे हे कुणाच्या ध्यानात आलं असतं? म्हणून प्रवास काढताना माणूस कुठल्या गावचा, कुठल्या समाजाचा, हे नावाच्या शेजारी लिहायचं.

सातवी पायरी: गोड गोष्टीला लगेच भुलू नका

विटेवर उभा म्हणून विठ्ठल, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ही लोकांनी नंतर जुळवलेली व्युत्पत्ती. अभ्यासकांचा कल कानडीकडे जातो. तिथे विष्णूचं बिट्टी असं रूप होतं, होयसळ राजा विष्णुवर्धनाला बिट्टिदेव म्हणत. पांडुरंगाचंही तसंच. पांडु म्हणजे पांढरा, आणि देव तर काळा. पंढरपूरचं जुनं नाव पंडरगे, त्याला संस्कृत पेहराव चढून पांडुरंग झालं असं मानतात. पण लोकांची गोष्ट फेकून देऊ नका. ती शब्दाचा उगम सांगत नसली तरी लोकांनी त्या नावावर किती जीव लावला ते सांगते. नोंदीत तिला वेगळी ओळ द्या, ‘लोक असं सांगतात’ म्हणून.

शेवटची पायरी: नोंद लिहून ठेवा

प्रत्येक नावाला वहीचं अर्धं पान पुरतं. माझ्या वहीतलं एक पान तसंच्या तसं देते, म्हणजे साचा कळेल.

नाव: भागीरथी. हाकेचं: भागू. कागदावर: भागूबाई.
भाषा: संस्कृत. साचा: भगीरथ, पहिला स्वर फुगून भागीरथी. शब्दाचा अर्थ: भगीरथाने आणलेली, गंगा.
आमची चुकीची समजूत: भाग्य.
का ठेवलं: तिच्या धाकट्या बहिणीकडून कळलं, पणजोबा काशीहून गंगेचा गडू घेऊन परतले त्याच आठवड्यात आजी जन्मली.
पुरावा: पितळी हंडा, गळ्याशी, डावीकडून तिसऱ्या ठिपक्यापाशी ‘भा’ थोडा झिजलेला.